पाच बादल्या दूध

संपादक म्हणाला, ह्या वेळी कविता नको, गद्य दे. वाचलेल्या पुस्तकावर लिही. मी म्हटलं, समीक्षा आपल्याला येत नाही. दहावी नापास माणूस मी, रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधतो. तो म्हणाला, समीक्षा नकोच आहे, वाचून तुला काय झालं ते लिही. म्हणून लिहितोय. जे झालं ते ऐकायला फार बरं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पुस्तक मला दादरला मिळालं, सहा डिसेंबरला. शिवाजी पार्काच्या बाजूनं पुस्तकांचे स्टॉल लागतात, तुम्ही सगळे जाता, तुम्हाला काय सांगायचं. मी दर वर्षी जाताना पुस्तकांसाठी दोनशे रुपये वेगळे बांधून नेतो. त्यातले एकशेनव्वद उडाले होते. एका पोरानं जुन्या पुस्तकांची रास फडक्यावर ओतली होती, कुठलंही घ्या दहाला. त्यात हे बारकं पुस्तक. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. भाषांतर करणाऱ्याचं नाव त्या पानांबरोबरच गेलेलं. आत डुकरं, घोडे, कोंबड्या, मेंढ्या. मला वाटलं पोराटोरांचं आहे, पुतणीला होईल. परतीच्या गाडीत संडासाजवळ उभ्यानं वाचायला घेतलं आणि मिरज यायच्या आत संपवलं. मग पुतणीला काही दिलं नाही.

ते जॉर्ज ऑर्वेलचं 'अ‍ॅनिमल फार्म'. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडात एक शेत असतं, त्याचा मालक जोन्स, दारुडा. एक म्हातारं डुक्कर मरायच्या आधी सगळ्या जनावरांना गोळा करून सांगतं की आपल्या दुःखाचं मूळ माणूस आहे, त्याला हाकला. एक दिवस उपाशी जनावरं खरंच बंड करतात. जोन्स पळतो. शेत जनावरांचं होतं. भिंतीवर सात नियम लिहितात, सगळे सारखे असा त्यातला शेवटचा. आणि मग काही वर्षांत नेपोलियन नावाचं डुक्कर जोन्सच्या जागी जाऊन बसतं, जोन्सचे कपडे घालतं, दोन पायांवर चालतं, हातात चाबूक घेतं. भिंतीवर सातांचा एकच नियम उरतो आणि त्यात सारख्यातही काही जण जास्त सारखे निघतात. एवढीच गोष्ट.

आता माझ्या बापाची गंमत. आबा आमचा हमाल. कापसाची एक गाठ एकशेसत्तर किलोची असते. चौघं मिळून आकडे लावायचे, ट्रकमधून गोदामात. वीस वर्षं केलं. २०१४ साली गाठ घसरली आणि कंबर गेली. कंत्राटदाराच्या वहीत त्याचं नावच नव्हतं. हातावर काहीतरी टेकवून घरी पाठवला. तेव्हापासून उंबऱ्यात बसून असतो. वाचता येत नाही, पण ऐकायची हौस दांडगी. बाबासाहेबांची भाषणं मी त्याला वाचून दाखवतो. तसंच हेही वाचायला घेतलं.

बंड झालं, जोन्स पळाला, इथवर आबा खूश. 'वाच वाच' म्हणत होता. मग ते दुधाचं आलं. जनावरं पहिल्यांदा स्वतः गायींची धार काढतात. पाच बादल्या भरतात, फेसाळ दुधाच्या. सगळे टकमका बघत राहतात, आता ह्याचं करायचं काय? नेपोलियन बादल्यांच्या पुढं उभा राहतो आणि सांगतो की दुधाचं मागं बघू, आधी गवत कापायला चला. सगळी जातात. संध्याकाळी येऊन बघतात तर दूध नाही.

मी पुढं वाचायला लागलो तर आबानं हात धरला.

'थांब. दूध कुणी प्यालं?'

'सांगतो की आबा, पुढं येतंय.'

'म्होरचं ऱ्हाऊ दे. त्यातल्या एकानं तरी इचारलं का, दूध कुणी प्यालं म्हनून?'

मी पान मागं उलटून बघितलं. कोणी विचारलेलं नव्हतं.

'मग झालं तर,' आबा म्हणाला आणि बिडी काढली. त्याच्या लेखी पुस्तक तिथंच संपलं.

मी हे आमच्यातल्या एका दोस्ताला सांगितलं, तो कॉलेजात इंग्रजी शिकतो. तो म्हणाला, तुझ्या बापानं आणि ऑर्वेलनं एकच गोष्ट सांगितली. ऑर्वेलनं डिसेंबर १९४६ मध्ये एका मित्राला पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय की गोष्टीचं वळण तिथंच आहे, दूध आणि सफरचंदं डुकरांनी स्वतःकडं ठेवली तिथं. बाकीच्या जनावरांना तेव्हाच पाय रोवून उभं राहायची अक्कल असती तर पुढचं काही झालंच नसतं. म्हणजे ती कुत्री, ते खून, तो चाबूक, हे सगळं फार नंतरचं. माणूस बिघडतो तो पाच बादल्या दुधाजवळ.

त्या पत्रात त्यानं क्रोनश्टाटचं नाव घेतलंय. ते रशियातल्या आरमाराचं ठाणं. तिथले खलाशी १९१७ च्या क्रांतीत सगळ्यात पुढं होते. १९२१ च्या मार्चमध्ये त्यांनीच पुन्हा आवाज काढला, की सोव्हिएतच्या निवडणुका मोकळ्या घ्या, नुसत्या पक्षाच्या नकोत. त्यांना लाल सेना पाठवून चिरडलं. तेव्हा युद्धखातं ट्रॉट्स्कीकडं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण हे पुस्तक वाचून स्नोबॉलच्या प्रेमात पडतात. स्नोबॉल म्हणजे ते दुसरं हुशार डुक्कर, ज्याला नेपोलियन हाकलून देतो. तो ट्रॉट्स्कीवरून घेतलेला. तो शूर, तो भाषण करणारा, तो पवनचक्कीची स्वप्नं बघणारा. सगळं खरं. पण दुधाच्या बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत होतं, स्नोबॉलचं सुद्धा. ऑर्वेलनं हे अर्ध्या ओळीत सांगितलंय. हाकलला गेला म्हणून माणूस धुतल्या तांदळाचा होत नाही, हे त्या अर्ध्या ओळीतून मला कळलं.

लोभ वाढतो कसा ते ह्या पुस्तकात पायरी पायरीनं बघावं. दूध गेलं, मग झाडाखाली पडलेली सफरचंदं गेली. स्क्वीलर नावाचं डुक्कर आहे, शेपूट हलवत बोलणारं, ते येऊन समजावतं. की आम्हाला काय दूध आवडत नाही हो, आम्ही तुमच्यासाठी पितो. आम्ही डोक्याचं काम करतो, डोकं चाललं नाही तर जोन्स परत येईल. तुम्हाला जोन्स परत हवाय का? झालं, सगळे गप्प. मग डुकरं मालकाच्या घरात राहायला जातात, गादीवर झोपतात. गादीवर झोपू नये असा नियम भिंतीवर होता, तिथं चादरीचे दोन शब्द वाढतात. मग दारू. तिथंही दोन शब्द वाढतात. त्या रात्री तर स्क्वीलर शिडीवरून पडलेला सापडतो, शेजारी रंगाचा डबा आणि ब्रश. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. कळतं फक्त बेंजामिन गाढवाला, आणि ते बोलत नाही.

आणि मग बार्ली. म्हाताऱ्या, थकलेल्या जनावरांना चरायला एक तुकडा राखून ठेवायचा असं ठरलेलं असतं. डुकरांना दारू गाळायला यायला लागते तेव्हा त्या तुकड्यावर नांगर फिरतो. तिथं बार्ली पेरतात. मी हे वाचलं तेव्हा आबाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

बॉक्सर घोड्याचं तुम्हाला माहीत असेल. सगळ्यात ताकदीचा, सगळ्यात भोळा. काहीही अडलं की त्याचं एकच उत्तर, आपण अजून राबायचं. पवनचक्कीचे दगड ओढता ओढता पडतो. दवाखान्यात नेतो म्हणून गाडी येते. गाडीवर खाटकाचं नाव असतं, घोडे मारून सरस शिजवणाऱ्याचं. बेंजामिन ते वाचतो, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वाचतो, पण तेवढ्यात गाडी सुटते. नंतर डुकरांच्या घरात व्हिस्कीची पेटी येते. ह्या गोष्टीवर आमच्या खात्यात रात्रपाळीच्या सुट्टीत मी बोललो तर एक म्हातारा जॉबर उठून बाहेर गेला. डब्यातली भाकरी तशीच ठेवून.

मला मात्र बॉक्सरची दुसरी एक जागा जास्त लागली. कुत्री एकदा त्याच्या अंगावर येतात. हा एका कुत्र्याला खुराखाली दाबतो. नुसतं वजन टाकलं तर कुत्रं मरेल. आणि तो काय करतो? नेपोलियनकडं बघतो, मारू का सोडू? नेपोलियन सांगतो सोड. हा सोडतो. दोस्तहो, ताकद कुणाकडं होती? पुस्तक कसं सुचलं ते ऑर्वेलनं १९४७ च्या युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. एका अरुंद वाटेवर दहाएक वर्षांचा पोरगा दांडग्या घोड्याला चाबकानं मारत नेत होता. त्याला वाटलं, ह्या जनावराला आपली ताकद कळली तर? बॉक्सरला खुराखालचं कुत्रं कळलं नाही. आपल्याला किती कळलीत?

आता भीतीचं बघू. लोभ आणि भीती ह्या दोन वेगळ्या गोष्टी मला वाटत होत्या, लोभ मालकाचा आणि भीती आपली. पुस्तकानं ते उलटंपालटं केलं.

जेसी आणि ब्लूबेल ह्या कुत्र्यांना मिळून नऊ पिल्लं होतात. दूध सुटलं की नेपोलियन ती पिल्लं उचलतो, मी शिकवतो म्हणतो, आणि माळ्यावर नेऊन ठेवतो. शिडीशिवाय कुणाला वर जाता येत नाही. सगळे विसरून जातात. आणि एका रविवारी, स्नोबॉल सभा जिंकायला आलेला असताना, ती नऊ मोठी झालेली कुत्री आत शिरतात, गळ्यात पितळी खिळ्यांचे पट्टे. जोन्सची कुत्री जोन्सपुढं जशी शेपूट हलवायची तशी नेपोलियनपुढं हलवतात. म्हणजे ज्या दिवशी सगळे गवत कापायला गेले, त्या दिवसांतच ह्यानं दूध पण उचललं आणि पिल्लं पण उचलली. चोरी केली तेव्हाच चोरीचा पहारा पण तयार करायला घेतला.

पुढं कोंबड्या एकदा उठतात. दर आठवड्याला चारशे अंडी विकायचा करार नेपोलियननं परस्पर केलेला. कोंबड्या म्हणतात, ही आमची पिल्लं आहेत. त्या आढ्यावर चढून तिथून अंडी टाकतात, फुटू देतात. त्यांचं खाणं बंद होतं. पाच दिवस टिकतात. नऊ मरतात. जोन्स गेल्यापासून खरं बंड एवढं एकच झालं आणि ते बायांनी केलं. ऑर्वेलवर माझा राग एवढाच, की हे त्यानं भरभर उरकलं. बॉक्सरला पानंच्या पानं दिली, ह्या कोंबड्यांना नावं सुद्धा दिली नाहीत. त्यांच्यावर एखाद्या आपल्या बाईनं लिहावं.

मग कबुल्या आणि कत्तल. आधी ती चार डुकरं, ज्यांनी रविवारच्या सभा बंद करायला विरोध केला होता. मग कोंबड्या. मग एक हंस, मग मेंढ्या. खोटंनाटं कबूल करतात आणि जागच्या जागी मारल्या जातात. मॉस्कोत १९३६ ते १९३८ असे खटले झाले. जुने जुने क्रांतिकारक उभे राहून आम्ही गद्दार आहोत म्हणाले आणि गोळ्या खाल्ल्या. पण ह्याच्यानंतरचं बघा. सगळे विरोधक संपले, आता नेपोलियननं पाय पसरून झोपायला पाहिजे की नाही? तर नाही. त्याच्या पलंगाच्या चार कोपऱ्यांना रात्रभर चार कुत्री. पिंकआय नावाचं पोरसवदा डुक्कर त्याचं जेवण आधी चाखून बघतं, विष असेल म्हणून. शेतात काही मोडलं, काही हरवलं की स्नोबॉलनं केलं. तो कुठं आहे कुणाला माहीत नाही आणि तरी तो सगळीकडं आहे. जितकी माणसं मारली तितकी भीती वाढली. दूध प्यायलेल्याला झोप लागत नाही.

ऑर्वेलला हे डुकराच्या तोंडून बोलवावं लागलं, पण खऱ्या स्टालिनचं काय झालं ते त्याला बघायला मिळालं नाही. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये क्षयानं गेला. १ मार्च १९५३ ला स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. पहारेकरी बाहेर उभे. हाक न मारता आत जायची कुणाची छाती होईना. रात्री उशिरा कोणीतरी आत गेलं तर हा जमिनीवर पडलेला, वाचा गेलेली. आणि त्याचा नेहमीचा डॉक्टर व्हिनोग्रादोव्ह? तो तुरुंगात. डॉक्टर आपल्याला मारायला टपलेत म्हणून ह्यानंच टाकला होता. पाच मार्चला मेला. आपणच पसरलेली भीती दाराबाहेर उभी राहिली आणि आत आली नाही.

ऑर्वेल हा साहेबाचाच पोरगा, हे पण सांगायला पाहिजे. जन्म बिहारात मोतिहारीला, १९०३ साली. बाप सरकारच्या अफू खात्यात. हा स्वतः १९२२ ते १९२७ बर्मात पोलीस अधिकारी. म्हणजे चाबूक त्यानं धरून बघितला होता. मग स्पेनमध्ये लढायला गेला, १९३७ साली गळ्यातून गोळी आरपार गेली, आणि वाचला तर आपल्याच बाजूचे कम्युनिस्ट त्याच्या गटाला फॅसिस्टांचे हेर ठरवून पकडायला लागले. तिथून बायकोसकट पळाला. स्नोबॉल कसा तयार करतात ते त्यानं अंगावर घेतलेलं आहे.

आणि पुस्तक लिहिलं तर छापायला कोणी नाही. १९४४ साल, रशिया दोस्त राष्ट्र, स्टालिनला दुखवायचं कसं? एका प्रकाशकानं घेतलं आणि सरकारी खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं कान भरल्यावर सोडलं. तो अधिकारी स्वतःच रशियाचा हेर होता असं पुढं निघालं. टी. एस. एलियट, एवढा मोठा कवी, प्रकाशन संस्थेत होता, त्यानं नाकारताना लिहिलं की डुकरंच जास्त हुशार आहेत तर राज्य त्यांनीच करावं, फक्त ती जरा लोकहिताची पाहिजेत. वाचून मला हसू आलं. हे आपण गावात ऐकलेलं आहे. अखेर १७ ऑगस्ट १९४५ ला पुस्तक निघालं.

पुढं ते दुसऱ्यांच्या हातात पडलं. १९५४ साली त्याचं कार्टून सिनेमात रूपांतर झालं, पैसा गुपचूप अमेरिकेच्या सीआयएनं घातला आणि शेवट बदलला. पुस्तकाच्या शेवटी डुकरं आणि माणसं एका टेबलावर पत्ते खेळतात आणि बाहेरून बघणाऱ्या जनावरांना कोण डुक्कर कोण माणूस ते ओळखू येत नाही. सिनेमात माणसं गायब. मालकांना आरशात बघायचं नव्हतं. म्हणून कोणी शेठ तुम्हाला हे पुस्तक दाखवून म्हणाला, बघा, कामगारांनी बंड केलं की असं होतं, तर त्याला शेवटचं पान उघडून द्या. जोन्सला ऑर्वेलनं कुठंही चांगलं म्हटलेलं नाही.

आपल्याला ह्यातलं काही नवीन नाही, असं पण वाटतं. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात सगळे कामगार एक म्हणून घोषणा होत्या. पण कापड खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. शटलमधून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि विटाळ व्हायचा. पगार त्या खात्यात जास्त. बाबासाहेबांनी विचारलं, ह्याचं काय? दूध कुणी प्यालं, असंच विचारलं की नाही त्यांनी? आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगून ठेवलं की धर्मात भक्ती चालेल एखाद्याला, राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता. थोर माणसाच्या पायावर सुद्धा आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. आपण ते भाषण जयंतीला लाऊडस्पीकरवर लावतो. मी स्वतः लावलंय.

आता माझं.

२०२२ च्या जयंतीनंतर आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय काढायचं ठरलं. घरटी वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पन्नास पन्नास दिले. खजिनदार मी. लिहितो-वाचतो, कविता छापून येतात, दुसरा कोण? वही माझ्याकडं, पैशाचा डबा माझ्याकडं.

नांदेडला कविसंमेलन होतं. पगार व्हायला आठ दिवस होते. डब्यातले सहाशे घेतले. मनात काय म्हटलं सांगू? म्हटलं, मी काय मजा मारायला चाललोय का? समाजाचं दुःख मांडायला चाललोय. हे एका परीनं मंडळाचंच काम. स्क्वीलर माझ्या आतच बसलेला होता, मला बाहेरचा लागला नाही. पगार झाला, परत टाकायचे राहिले. मग गाडीच्या टायरला नऊशे घेतले, कारण त्याच गाडीवरून मी वर्गणी गोळा करतो. मग अकराशे चाळीस. ते कशाला ते लिहायची लाज वाटते.

आमच्यात डिप्लोमा करणारा एक पोरगा आहे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्यानं बैठकीत विचारलं, 'दादा, कपाट कधी आणायचं? वही एकदा बघूया की, किती जमलेत ते.' सरळ विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

मी ओरडलो. म्हटलं, हिशेब मागायला तू कोण? तुला कुणी पाठवलंय ते मला माहीत आहे, दुसऱ्या गटात उठबस आहे तुझी. आणि मग मी ते वाक्य बोललो. म्हटलं, आपल्यात फूट पडली की हसणारे कोण आहेत माहीत आहे ना? पुन्हा तुकडे करायचेत का?

सगळे गप्प झाले. ह्या वाक्यापुढं आपल्यात कोणी उभं राहत नाही. १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचं काय झालं ते प्रत्येकानं बापाकडून ऐकलेलं असतं, ते दुखणं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते मला वापरता आलं. माझ्याबरोबर मिसळ खाणारी, माझ्या कविता पाठ असलेली दोन पोरं उठून त्याच्या अंगावर गेली. मिसळीचे पैसे नेहमी मी देतो. तो पोरगा काही बोलला नाही, चप्पल घालून निघून गेला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मलाच माहीत. तो चहाच्या टपरीवर हसला तरी मला वाटायचं माझ्यावर हसतोय. त्याच्याबरोबर कोण बसतं, कोण बोलतं, मी मोजायला लागलो. रात्रपाळीत फ्रेमच्या दोन रांगांमधून चालताना डोक्यात धागे नसायचे, तो असायचा. पैसे परत टाकून मोकळं व्हावं असं वाटायचं, पण आता टाकले तर वहीत तारीख काय घालणार? मला त्या पोराचा राग यायचा. चोरी मी केलेली आणि राग त्याचा. त्याला मंडळातून काढायचा ठराव मीच लिहून ठेवला होता. सुरेख भाषेत लिहिला होता, चळवळीच्या.

मग डिसेंबर आला आणि दहा रुपयाचं ते पुस्तक आलं. आबानं विचारलं, दूध कुणी प्यालं, आणि मला उत्तर सुचेना, ते पुस्तकातलं म्हणून नव्हे.

मी लगेच काही सुधारलो असं समजू नका. जानेवारी गेला. फेब्रुवारीत मी आबाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'बायांचं पैसं हाईत त्येच्यात.' तेवढंच.

विहाराच्या भिंतीवर फळा आहे, बैठकीची सूचना लिहायला. मागच्या रविवारी पहाटे पाळी सुटल्यावर मी सरळ तिथं गेलो. खडूनं लिहिलं. वाचनालयाच्या पैशातून मी स्वतःसाठी घेतलेले, खाली माझं नाव, खाली तीन रकमा, त्यांच्या पुढं कशासाठी घेतले ते. तिसऱ्या रकमेपुढं पण लिहिलं. खाली बेरीज, दोन हजार सहाशे. ठराव फाडून खिशात ठेवला होता, तो काढून कचऱ्यात टाकला.

दहा वाजता बैठक. लोक येत गेले, वाचत गेले. कोणी माझ्याशी बोललं नाही. ती मिसळवाली दोन पोरं भिंतीला टेकून खाली बघत बसली. एक म्हातारी, तिला वाचता येत नाही, ती विचारत होती काय लिवलंय गं, आणि शेजारची तिला हळू आवाजात एक एक ओळ सांगत होती.

तो पोरगा सगळ्यात शेवटी आला. निरोप मीच धाडला होता. फळ्यापुढं उभा राहिला, हात मागं बांधून. मला वाटलं आता हा माझ्याकडं वळून बोलणार. त्यानं खडू उचलला. माझी बेरीज बोटानं पुसली आणि लिहिलं, दोन हजार सहाशे चाळीस.